औदुंबराचे दूध

केरूचा मुलगा कोंडाजी, कोंडाजीचा मंगळू आणि मंगळूची तृप्ती. माणसाची गोष्ट सांगण्याआधी त्याचे कूळ सांगावे, ही आमच्या घरची शिस्त. ही गोष्ट तृप्तीची आहे, म्हणून तिच्या मागच्या तीन पिढ्या आधी सांगून टाकल्या. आमच्या बांधाची पहिली कुदळ केरूने मारली. त्याच्या उतारावरचे दगडी अस्तर कोंडाजीने रचले. मंगळूने हयातभर त्याच्या पाणी सोडायच्या मोरीचे दार उघडले आणि मिटले. तृप्ती ही त्या ठाकराच्या घरातली पहिली इंजिनियर. पाटबंधारे खात्याच्या सरकारी नोकरीत आहे. आता गर्दीकडे वळते, कारण गर्दी पुष्कळ होती आणि अक्कल फार थोडी.

श्रावण होता. घोटीहून आमच्या वाघदऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर दर गुरुवारी जीपगाड्यांची आणि टेम्पोंची रांग लागे. माणसे किटल्या, कॅन, शाळेच्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या, जे हाताला लागेल ते घेऊन येत. आमच्या बांधाच्या पायथ्याला एक जुना उंबर आहे. त्या उंबराच्या मुळातून दूध येऊ लागले होते. पांढरे, दाट, भर पावसाळ्यात! कोणी ते गुडघ्यांना चोळी, कोणी साखर उतरावी म्हणून उपाशीपोटी पिई. स्पर्धा परीक्षेची पोरे हॉल तिकिटावर थेंब सोडत. एका गृहस्थाने ते मोटारसायकलच्या टाकीवर शिंपडताना मी स्वतः पाहिले. मी विचारले, "हे कशासाठी?"

"अॅव्हरेज वाढतं, आजी."

"आणि डोक्यावर शिंपडलं तर?"

त्याने खरोखर डोक्यावरही शिंपडून घेतले. अशा माणसांशी काय बोलावे?

हा बांध म्हणजे मातीचे छोटे धरण. ते आमचे, खासगी आहे. दोन टेकड्यांमधला ओढा माझ्या सासऱ्यांनी मातीचा भराव घालून अडवला, तो आमच्या वारुंगसे घराण्याच्या शेतीसाठी. आज त्याची मालकी माझ्या नावावर आहे. कारभार माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा योगेश पाहतो. निदान पाहतो असे तो सांगतो. बांध पुरा झाला तेव्हा माझ्या सासूबाईंनी त्याच्या पायथ्याला उंबर लावला. उंबरात दत्तगुरूंचा वास, म्हणजे बांधाची राखण देव करील, असा तो हिशेब. उंबर वाढत गेला. मातीच्या बांधावर झाड वाढू देऊ नये, हे पुढे कोणी कोणी सांगितले. पण उंबरावर कुऱ्हाड चालवणारा मजूर आमच्या पंचक्रोशीत मिळत नाही, आणि ती चालव असे सांगणारा मालकही मिळत नाही. मध्यंतरी त्याची बांधाकडची एक थोर फांदी वाळली. त्या अंगाची मुळेही मेली असतील, असा विचार कोणाच्या मनात आला नाही.

आणि मग बाबा आला. औदुंबरनाथ महाराज! पूर्वी तो सिन्नरकडच्या एका कारखान्याचे उपाहारगृह चालवीत असे. तेथून त्याला का जावे लागले, ते त्याचे शिष्य सांगत नाहीत. तो भगवी कफनी आणि पांढरे स्पोर्ट्स बूट घाली, आणि हातात एक लांब लोखंडी त्रिशूळ ठेवी. आरती झाली की तो त्रिशूळ उंबराच्या मुळाशी भसकन खुपशी आणि ओरडे, "सोड, कामधेनू, सोड!" आणि मुळातून पांढरा लोट उसळे. बायका हुंदके देत. पुरुष मोबाइल वर धरून उभे राहत.

"हे पाणी नव्हे, बालकांनो!" बाबा माइकवरून सांगे. "हे औदुंबराचं दूध आहे. उंबराला चीक असतो की नसतो? पांढरा असतो की नसतो? मग! सायन्ससुद्धा हेच बोलतं. आपल्या बॉडीत व्हायब्रेशन आहे, औदुंबरात व्हायब्रेशन आहे. दोन्ही मॅच झाले, की रोग खल्लास! आणि खालच्या वाडीवाल्यांनो, ऐका. हे दूध वाहतंय तोवर तुमच्या केसालाही धक्का नाही. ही दत्तगुरूंची गॅरंटी आहे!"

खालची वाडी म्हणजे बांधाच्या थेट खाली ओढ्याच्या दोन्ही काठांवर वसलेली ठाकरांची वाडी. तृप्तीचे घर तिथेच.

त्या बुधवारी ती माझ्याकडे आली. तिच्याबरोबर तिची आजी झुंबरबाई होती, कोंडाजीची विधवा, माझ्याच वयाची. नात उभी राहिली. आजी ओट्यावर टेकली आणि तिने पहिल्यांदा पोरीची तक्रारच केली.

"बघा की थोरल्या बाई, हिला नोकरी काय लागली, देवालाच नोटीस द्यायला निघाली. म्हनती घर सोड, साळंत जाऊन राहा. म्या नाय जायाची. बाबानं सांगितलंय, धक्का नाय लागायचा."

"आजी, बाबा कालचा आलाय. बांध मी जन्मापासून बघते." तृप्ती माझ्याकडे वळली. "माई, ते दूध नाही. बांध आतून पोखरतोय. मुळाचं लाकूड कुजलं की तिथं पोकळी राहते, आणि पाणी त्याच वाटेनं येतं. स्वच्छ पाणी पाझरलं असतं तर मी एवढी घाबरले नसते. सगळेच मातीचे बांध थोडे पाझरतात. पण हे गढूळ आहे. पाणी बांधाचं पोट बाहेर आणतंय. वाट जेवढी रुंद होईल तेवढं पाणी जोरात, आणि पाणी जेवढं जोरात तेवढी वाट रुंद. मग एके दिवशी एकदम."

"एकदम काय?"

"मग खाली वाडी उरत नाही."

झुंबरबाई तोंडाला पदर लावून हसली. मी हसले नाही. पण कोणी घाबरवले म्हणून घाबरणे हा माझा स्वभाव नाही. मी विचारले, "तू सरकारात आहेस. सरकारला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. एका कचेरीत म्हणाले, बांध खासगी आहे, आमच्या यादीत नाही. दुसरीत म्हणाले, उंची कमी आहे, त्याची तपासणी आमच्याकडे येत नाही. तिसरीत साहेब होते. ते म्हणाले, अर्ज ठेवून जा. मग हळूच विचारलं, दूध आणलंय का थोडं? मिसेसचे गुडघे दुखतात."

इतकी वर्षे मी नवससायासाला मूर्खपणाचा कळस समजत होते. कळसाच्याही वर काही असते, हे मला त्या दिवशी कळले.

"मला पटवून दे," मी म्हटले. "मग पुढचं माझं."

तिने पिशवीतून त्या दुधाने भरलेली काचेची बरणी काढली. पहाटे भरून ती तिने हलवू न देता ठेवली होती. वर नितळ पाणी आणि तळाला पांढरा, गुळगुळीत थर. मी वरचे पाणी ओतून टाकले आणि तो गाळ दोन बोटांत चोळला. मला कोणाही इंजिनियरची गरज उरली नाही. ही माती मी ओळखते. माझे माहेरचे घर धाब्याचे होते. दर वर्षी पावसाळ्याआधी छपरावर उजाड गावठाणाची पांढरी माती अंथरीत, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही. माझ्या सासऱ्यांनीही बांधाच्या पोटात, मधोमध, तीच माती ठोकून बसवली होती. ती आणण्यासाठी गाड्यांची रांग लागली, असे ते अभिमानाने सांगत. माझ्या बोटांना चिकटले होते ते देवाचे दूध नव्हते, माझ्या सासऱ्यांच्या बांधाचे काळीज होते.

"बायडाबाई!" मी हाक मारली. बायडाबाई आमच्याकडे स्वयंपाक करते आणि बाबाची निष्ठावंत भक्त आहे. "देवघरात तू जे दूध ठेवलं आहेस ते आण. चांगलं तापव, कोमट झालं की विरजण लाव."

"अगबाई! माई, ते देवाचं हाय."

"देवाचं दूध म्हणजे त्याचं दही तर झकास लागेल. लाव."

तिने रामराम म्हणत विरजण लावले. आणि मी काठी घेतली, तृप्तीचा हात धरला आणि बांधावर गेले. पाणी काठोकाठ होते. जास्तीचे पाणी सुखरूप निघून जावे म्हणून बांधाच्या टोकाला खडकात खोदलेली मोकळी वाट असते, तिला सांडवा म्हणतात. त्या सांडव्यात योगेशचा गडी केरसुणीने काडीकचरा झाडून जाड लाकडी फळ्या बसवीत होता.

"हे काय चाललंय?"

गड्याच्या हातातली फळी सुटली. "काय नाय माई, दर बुधवारचं काम. योगेशदादांनी सांगितलंय. बुधवारी लावायच्या, शुक्रवारी काढायच्या."

तृप्तीने फळ्यांकडे बोट दाखवले. सांडवा फळ्यांनी बुजवला की तळ्यातले पाणी रात्रीतून हातभर चढते. पाणी चढले की पोखरलेल्या मुळातून ते जोराने निघते. म्हणून कामधेनूला नेमका गुरुवारच पान्हा फुटे! ज्या चमत्कारासाठी माणसे घोटीहून, इगतपुरीहून, पार नाशकाहून येत होती, तो चमत्कार म्हणजे आमच्या घरच्या लाकूडवखारीतल्या चार फळ्या.

"काढ सगळ्या," मी म्हटले. "आणि मोरीचं दार पुरतं उघड."

"दादांना इचारून—"

"दादा ज्या घरात जेवतो ते घर कोणाचं आहे रे?"

त्याने फळ्या काढल्या.

पाण्याच्या बाजूने परत येताना उंबराच्या रेषेत तृप्ती थांबली. बांधाला लागून पाण्यावर गवताची काडी गोलगोल फिरत होती, हातभर जागेत, सारखी. "इथून आत जातंय," ती म्हणाली. "मोरी उघडली तरी तळं उतरायला कित्येक दिवस लागतील, माई. तोवर वाडी रिकामी करायला हवी. आणि वाडी तर..."

"वाडी बाबाच्या गॅरंटीवर झोपली आहे."

"पोलीस आणून उठवलं तर रात्री परत येतील. माझी आजीच पहिली येईल."

ती बरोबर बोलत होती. वाडीतली माणसे दोरखंडाने हलणार नव्हती. त्यांना तिथे जखडून ठेवणारी गोष्ट तोडायला हवी होती. "उद्या दुपारी उंबरापाशी बाबाच्या सभामंडपाचं भूमिपूजन आहे," मी म्हटले. "मालकीण म्हणून माझा सत्कार ठेवलाय. मी जाणार आहे."

दुसऱ्या दिवशी योगेश न्यायला आला तेव्हा त्याच्या तोंडावर नवरदेवाचे तेज होते. "काकू, तुम्ही फक्त बसायचं. शाल घ्यायची, नारळ घ्यायचा. बोलायचं बाबा बघतील."

"मी कधी फक्त बसले आहे का रे, योगेश?"

त्याने फळ्यांचा विषय काढला. मी त्याच्याकडे पाहिले आणि त्याने तो मिटवला.

उंबराभोवती माणसांचा चिखल झाला होता. सभामंडपासाठी भक्तांनी वाळू, खडी, दगडांचे ढीग आणि सिमेंटची पोती आणून टाकली होती. वाडीही सगळी वर आली होती. बाबाने माझ्या पायांना हात लावण्याचा अभिनय केला, आणि माइक घेऊन म्हणाला, "या माऊलींच्या पुण्याईनेच—"

"माझी पुण्याई राहू दे," मी त्याच्या हातातून माइक घेतला. "आधी दुधाचं बोलू. बायडाबाई, पातेलं आण."

बायडाबाई पातेले घेऊन पुढे आली. तिचा चेहरा उतरलेला होता. "काल दुपारी विरजण लावलं," मी गर्दीला सांगितले. "घरच्या म्हशीच्या दुधाला संध्याकाळपर्यंत दही लागतं. या दुधाला बघा." मी पातेले तिरपे केले. वर पाणी, मधे विरजणाचे तरंगणारे तुकडे, तळाला माती. पुढच्या रांगेत कोणी तरी खुदकन हसले.

बाबाने पातेल्यात डोकावून पाहिले. "माऊली," तो गोड हसला, "देवाच्या दुधाला माणसाचं विरजण लागत नसतं. हायर फ्रिक्वेन्सी! लागलं असतं तर मलाच शंका आली असती."

आणि गर्दीने जयजयकार केला! बायडाबाईचा चेहराही पुन्हा उजळला. दही लागले असते तर तो चमत्कार, नाही लागले तर तोही चमत्कार. ज्या विधानाला कोणत्याच गोष्टीने खोटे पाडता येत नाही, त्याचे बाजारात एवढे मोल येते, हे पाहून मला किळस आली. पण त्या पोरीने हेही आधीच ओळखले होते. ती पुढे आली. हातात रंगपंचमीच्या रंगांची तीन पाकिटे होती, गुलाबी, निळे, हिरवे.

"झुंबरआजी, यातला एक निवड."

"मला गं कशाला?"

"तू बाबांची भक्त आहेस. मी निवडला तर लोक म्हणतील, लबाडी केली."

झुंबरबाईने बाबाकडे पाहिले. मग तिने आपल्या बांगड्यांकडे पाहिले आणि हिरव्या पाकिटावर बोट ठेवले.

"आता सगळ्यांनी ऐका," तृप्ती म्हणाली. "हा रंग मी उंबराजवळ टाकणार नाही. बांधाच्या पलीकडं, तळ्यात टाकणार आहे, जिथं काडी फिरते तिथं. दूध उंबराचं असलं तर ते पांढरंच राहील. झाडाला तळ्यातला रंग काय माहीत? आणि ते तळ्याचं पाणी असलं, तर हिरवं येईल. बाबा, कबूल?"

"देवाची परीक्षा—"

"देवाची नाही. पाण्याची."

वाडीतले दोघे आणि नाशकाचे दोन भक्त तिच्याबरोबर बांधावर चढले. त्यांच्या डोळ्यांदेखत तिने रंग ओतला. इकडे बाबाने घाईघाईने आरती सुरू केली. फळ्या नसल्यामुळे त्या दिवशी दूध बारीक होते, करंगळीएवढे. बाबाने त्रिशूळ खुपसला. लोट उसळला नाही. "सोड, कामधेनू!" त्याने पुन्हा खुपसला, मग आणखी खोल, दोन्ही हातांनी, सब्बल मारावी तसा. बांधावरून तृप्तीची किंकाळी आली, "अहो, थांबा! तिथं टोचू नका!" पण त्याने आणखी एक घाव घातला, आणि मुळाखालची माती ढासळून हाताच्या मनगटाएवढी धार सुटली.

जयघोष उठला. आणि अर्ध्यावर विरला.

धार हिरवी होती.

पोपटी नव्हे, शेवाळी नव्हे. दुकानातल्या पाकिटासारखी, लख्ख, निर्लज्ज हिरवी. बाबाने एकदा धारेकडे पाहिले, एकदा गर्दीकडे, आणि दोन्ही हात वर केले.

"दत्तगुरूंनी रंग खेळला! श्रावणात हरित लीला! बोला—"

"ए बाबा," झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण तो साऱ्यांनी ऐकला. "हिरवा म्या निवडला. तुझ्या दत्तानं नाय."

कोणी हसले नाही. ती उठली आणि आपल्या वाडीकडे, खाली ओढ्याच्या काठावरच्या छपरांकडे पाहत राहिली. वर तळे आहे, मधे ही धार आहे आणि खाली तिचे घर, हे तिने त्या क्षणी पहिल्यांदा एका रेषेत पाहिले असावे. मग ती वळली आणि वाडीतल्या बायांवर ओरडली, "काय बघताय? पोरं उचला! शेरडं सोडा! समदी साळंकडं चला!"

जी वाडी पोलिसांच्या गाडीने हलली नसती, ती एका म्हाताऱ्या बाईच्या ओरडण्याने हलली.

आता धार वाढत होती आणि हिरवा रंग जाऊन ती पुन्हा पांढरी होत चालली होती. बांधाचे काळीज वाहत होते. योगेशला अखेर कंठ फुटला. "सिमेंटची पोती आणा! भोक बुजवा! कोंबा आत!" चार जण पोती घेऊन धावले.

"खबरदार!" तृप्ती उतारावरून घसरतच खाली आली होती, तिचे दोन्ही हात चिखलाने भरले होते. "बोळा कोंबला तर पाणी दुसरीकडून फुटेल आणि बांधच घेऊन जाईल. पाण्याला येऊ द्या, मातीला अडवा. आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी, वरून दगड. गाळणीसारखं."

"एवढी वाळू आता कुठून—" योगेश म्हणाला, आणि त्याने स्वतःच सभामंडपाच्या ढिगाकडे पाहिले.

"घ्या," मी माइकवर सांगितले. "भक्तांनी मंडपासाठी टाकली आहे. मंडप झाला असं समजा."

आणि जे दूध न्यायला आले होते, त्यांच्याच किटल्यांतून, कॅनांतून, घमेल्यांतून वाळू वाहू लागली. मोटारसायकलवाला गृहस्थ तर हेल्मेटातून खडी आणत होता. काम चालले होते तेवढ्यात योगेश माझ्या बाजूला आला.

"काकू, मला वाटलं, थोडं पाणी वाढलं तर काय होतंय? बाबा म्हणाले, गुरुवारी जोर पाहिजे."

"आणि सभामंडपाच्या वर्गणीतला वाटा कोणाला?"

त्याने खाली पाहिले. मी त्याच्या हातात फावडे दिले.

वाळूवर खडी, खडीवर दगड चढले. धार आधी दाटसर, मग फिकट, मग दगडांच्या फटींतून नितळ वाहू लागली. तृप्तीने ओंजळ भरून वर धरली. उजेडात त्या पाण्यात काहीच नव्हते. माती नाही, दूध नाही, देव नाही, नुसते पाणी. ती तिथेच चिखलात बसली.

बाबा तेवढ्यात निसटला होता. पांढरे बूट त्याला त्यासाठीच उपयोगी पडले. घोटीच्या नाक्यावर तो सापडला, आणि जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याखाली त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. पोलिसांपुढे तो म्हणे सायन्सचे नाव घेत होता.

ज्यांनी ते "दूध" प्यायले आणि ज्यांचे गुडघे खरोखर बरे झाले, असे तीन जण मला पुढे भेटले. त्यांना मी काय सांगितले, तेच वाचणाऱ्यांनाही सांगते. तुम्ही माती प्यालात. गुडघा बरा वाटला, याचे कारण त्या दिवशी तुम्ही घोटीपासून चालत आलात, किंवा दुखणे कमी व्हायचेच होते, किंवा बरे वाटावे अशी तुमची फार इच्छा होती. कोणीही चमत्कार दाखवला की एकच प्रश्न विचारा, "काय झाले तर तू खोटा ठरशील?" ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही, त्याच्या पायांवर डोके ठेवू नका. आणि ज्यांच्या घरचे खासगी बांध आहेत, त्या माझ्यासारख्या मालकांनाही सांगते. सरकार येईल आणि तपासेल, म्हणून वाट पाहू नका. बांधावर झाड उगवले तर ते रोप असतानाच उपटा, मग ते वड असो, पिंपळ असो की उंबर. सांडवा मोकळा ठेवा. गढूळ पाझर दिसला की आधी खालच्या वस्तीला उठवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. देवाला आपण नमस्कार करावा. त्याला पहारेकरी नेमू नये.

उंबर आम्ही तोडला. पहिला घाव घालायला कोणी पुढे होईना, म्हणून तो मी घातला. माझे आजतागायत काही वाकडे झाले नाही, आणि त्या फांद्यांवर वाडीच्या चुली चांगल्या पेटल्या.

मुळे बांधाच्या पार काळजापर्यंत गेलेली निघाली. तृप्तीने मोजमाप घेतले आणि मला दोनच वाटा सांगितल्या. बांध मुळापासून नव्याने बांधा, किंवा तो मधोमध कापून ओढा मोकळा सोडा. योगेशने आमच्या जमिनीचे काय होईल ते सांगायला सुरुवात केली. पण तोपर्यंत तळे उतरले होते आणि मी बांधावर उभी राहून तळ पाहत होते.

तळ्याच्या पोटात भाताची खाचरे होती. पायऱ्यापायऱ्यांची, त्यांच्या कडांना रचलेल्या दगडी ताली अजून शाबूत. ती केरूची. माझ्या सासऱ्यांनी बांध घातला तेव्हा ती पाण्याखाली जाणार होती, आणि त्यांनी केरूला शब्द दिला होता, की एवढीच जमीन वरच्या अंगाला देतो. केरूने त्या शब्दावर स्वतःच्या खाचराच्या तोंडाशी पहिली कुदळ मारली. सासरे गेले, केरू गेला, कोंडाजी गेला, मंगळूही गेला. जमीन कोणी दिली नाही. मागितलीही नाही, कारण मागणारा मोरीवर नोकर होता. हे मला माझ्या यजमानांनी अखेरच्या आजारात सांगितले होते.

मी बांध कापायला सांगितला. आमची शेती आता पावसावर आणि विहिरीवर चालेल. वारुंगसे त्याने मरणार नाहीत.

दिवाळीनंतर, चिखल वाळत आला तेव्हा, झुंबरबाईला घेऊन मी खाली उतरले. तलाठ्याकडचे सारे सोपस्कार आदल्या दिवशी पुरे झाले होते. तृप्ती मागे उभी होती.

"झुंबरे, हे तुझं," मी म्हटले. "माझ्या सासऱ्यांनी तुझ्या सासऱ्याला जे द्यायचं होतं, ते. वरच्या अंगाची जमीन मी देत नाही. त्याची स्वतःचीच देते."

चपला काढून झुंबरबाई खाचरात उतरली. टाचेने माती दाबून पाहिली, ढेकूळ उचलून फोडले, वास घेतला. मग तिने ताल धरून खाचराच्या टोकापर्यंत एक फेरी मारली आणि परत आली.

"इतक्या वर्सांचा गाळ बसलाय, थोरल्या बाई," ती म्हणाली. "दोन-तीन सालं खताची गरज नाय. व्याज धरूनच आलं की."

"मग फिटलं?"

"फिटलं," झुंबरबाई म्हणाली, आणि नातीला खाली ये म्हणून हाक मारली.